माणूस चांगला आहे

आमच्याकडे फुटबॉलच्या प्रशिक्षकाला होजा म्हणतात,
म्हणजे गुरुजी.
तुमच्या भाषेत हा शब्द मधोमध मोडला तर उरतं:
हो. जा.
आमच्या क्लबांनी तो कायम तसाच वाचला.

तहसीन होजाला अकरा वेळा हो म्हटलं गेलं,
बहुतेकदा फेब्रुवारीत,
संघ तक्त्याच्या तळाशी गाळात रुतला की.
तो यायचा एका बॅगेनिशी. दोन शिट्ट्या,
आणि बायकोनं भाजून दिलेल्या हेझलनटांची पुरचुंडी.
आधी गोलरक्षकाच्या आईची तब्येत विचारायचा,
मग त्याच्या गुडघ्याची.
मे महिन्यात संघ वाचलेला असायचा,
एका गुणानं,
एकदा तर नुसत्या गोलफरकानं,
आणि जूनमध्ये अध्यक्ष म्हणायचे,
आता आम्हाला जरा मोठा विचार करायचाय, होजा.

बुडत्याला बाहेर काढणाऱ्याचे कपडे ओलेच असणार.
लोकांना तेवढी ओल दिसते.
होता होता असं झालं
की त्याचं नाव निघालं तरी
ऐकणाऱ्याला तळ आठवायचा.

मी चार हंगाम त्याचा मदतनीस होतो.
शंकू मांडायचो, चेंडू मोजायचो.
सिवासला, उणे बारा अंशांत,
त्यानं आपले हातमोजे काढून मला दिले
आणि उरलेला सराव हात काखेत खुपसून घेतला.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
सांगायची वेळ एकदा आली होती.

गेल्या मंगळवारी.
आता मी क्रीडा संचालक आहे,
खिडकीतून बंदर दिसतं.
पडद्यावर सहा नावं होती, पाचवं त्याचं,
फोटो जुना, मिशीतला.
एक एकतीस वर्षांचा मुलगा आकडे वाचत होता:
प्रत्येक सामन्यामागे शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव गुण.
कुठल्या संघाकडून, कुठल्या महिन्यात,
खेळाडूंचे किती पगार थकलेले असताना,
याला रकाना नव्हता.
कुणी म्हणालं, एकोणसाठचा आहे.
कुणी म्हणालं, इज्मितच्या क्लबनं पैसे बुडवले म्हणून
कोर्टात गेलाय, उद्या आपल्यालाही खेचेल.
खजिनदार म्हणाले, दोन वर्षं घरी बसलाय,
काहीतरी असणारच ना त्याशिवाय?
मला म्हणायचं होतं,
घरी बसलाय कारण प्रत्येक खोलीत
कुणीतरी हेच विचारतं.
म्हणालो नाही. कॉफी गार होत होती.

मग अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
तू त्याच्याबरोबर होतास ना?

मी म्हणालो,
माणूस चांगला आहे.

सगळे समजले.
स्थळ नाकारताना मुलाबद्दल
हेच तर म्हणतात.
मुलानं बटण दाबलं. सहावं नाव आलं,
अडतीस वर्षांचं, पोर्तुगालमध्ये शिकलेलं,
अजून कुठे हरायला वेळच न मिळालेलं.

त्या रात्री फोनवर त्याचा निरोप आला.
त्याला काही कळलं नसेल. किंवा कळलं असेल,
आमचं गाव केवढंसं.
लिहिलं होतं:
सेर्कान, तुमचा डावा बचावपटू
तासाभरानंतर दमतो, खांदे बघ त्याचे,
शनिवारी साठाव्या मिनिटाला बदला.
खाली नोकरीबद्दल काही नाही.
गिरेसूनच्या चहाच्या दुकानात
कोपऱ्यातल्या टीव्हीवर तो आमचे सामने बघतो,
ग्लासाशेजारी फोन उताणा ठेवून,
असं त्याची मुलगी सांगते.

मी अंगठा पाठवला. पिवळा.

शनिवारी मैदानात निरोप धाडला.
डावा बचावपटू बाहेर, पोरगा आत,
जिंकलो, दोन एक.
साठाव्या नाही, चौसष्टाव्या मिनिटाला.
चार मिनिटं मी बाकामागे उभा होतो,
हातमोज्यांत हात घालून,
निरोप कुणाचा म्हणून सांगायचा
ते ठरवत.