चौदावा मायक्रोसेकंद

हिउमा बेट, फेब्रुवारी. व्हॅनचं दार अर्धं उघडं.
हेल्दुर केबलच्या तोंडाशी एक ठोका सोडतो.
पडद्यावर रेघ सपाट, सपाट,
आणि चौदाव्या मायक्रोसेकंदाला उंचवटा.

"सुलट परतलाय. म्हणजे तार तुटलीय.
चिकटली असती तर खड्डा दिसला असता."
बोटांवर हिशेब: जाऊन-येऊन धरलं तर चौदाशे मीटर.
म्हणजे जुनिपरच्या झुडपांपलीकडे,
जिथे बर्फ पडायच्या आधी
तामिकांची पोरं कुंपणाचे खांब ठोकत होती.

मी विचारलं, आणि काहीच परतलं नाही तर?

तो थर्मासचं झाकण फिरवत राहिला.
"टोकाला तारेच्याच तोलाचा रोध असला
की लाट त्यात मुरते. सगळीच्या सगळी.
पडद्यावर काही उमटत नाही."

मग, जरा वेळाने:
"लेइडाला मी रोज रात्री दिवसभराचं सांगायचो.
हूं की चूं नाही.
तीस वर्षं मी तुटलेली जागा शोधत होतो."

कॉफी सांडली थोडी. बर्फात तांबूस भोक.
त्याने पहार माझ्या हातात दिली.
जमीन हातभर गोठलेली.