प्लॅस्टर निघेपर्यंत

सहा आठवडे पाय प्लॅस्टरात म्हंजे, गौतमी,
सहा आठवडे तालीम बंद. जोर न्हाई, बैठका न्हाईत.
मोबाईल हाय न्हवं? मग बघ की घोड्यांचे पिक्चर.
कुठनं सुरू करू म्हणतीस, तर ऐक.
हात चालू ठेवून सांगतो,
वादी ओली हाय तवरच वळती.

पहिलाच रंगीत घेऊ नको.
काळा-पांढरा घे, जुना, सव्वा तासाचा.
गावाला रस्ता एकच असतो त्यात
आणि दोन्ही अंगाच्या खिडक्या एकेक करून मिटत जात्यात.
गोळीबार शेवटाला हाय, त्याची घाई नको.
तू खोगीर ऐक.
माणूस घोड्यावर चढताना चामडं कुरकुरतं,
नव्याचा आवाज एक, मुरलेल्याचा निराळा.
नव्या खोगिराचा हिरो म्हंजे कच्चा मामला,
अर्ध्यात मरतोय बघ.

मग रंगीत. त्यातला तो बघ, ज्यात कुणी बोलतच न्हाई.
घाम टिपायला पाच मिनिटं, काडी ओढायला दोन.
आमची मंगल उठून भाकरी थापून आली
तरी दोघं तिथंच उभी.
तुला कंटाळा यायचा न्हाई म्हणा.
खडाखडी आणि काय असती?
पंजात पंजा, मान खाली,
आणि अख्खं खासबाग मैदान गप्प.

त्यानंतर मालिका. आपल्या सासू-सुनांची न्हवं,
पाच-सहा भागात मिटणारी.
एक हाय, मिठाच्या गोण्या घेऊन निघालेल्या गाड्यांची.
तिच्यात एक सबंध भाग नुसती नदी उतरायची वाट बघत्यात.
पोरं म्हणतात, पुढं ढकला.
मी म्हटलं, शिवाजी पुलावर तुम्ही काय करता रे मग,
मच्छिंद्री झाली का, मच्छिंद्री झाली का, म्हणत दिवसभर?

आणि एक.
जमीन ज्यांची, ती माणसं डोंगरामागनं येत्यात,
ओरडत्यात, पडत्यात.
पडली की त्यांच्या पायाकडं बघ.
मऊ जोडा, टाच न्हाई, वर मण्यांचं काम.
आठ दिवस कोणतरी बसलं असंल त्याला, मान मोडून.
क्यामेरा थांबत न्हाई तिथं.
तू थांबव. मोबाईलला सोय हाय.
मी जवाहरनगरात पन्नास वर्षं ह्या पाटावर बसलोय,
पण एकाबी पिक्चरात
बूट शिवणारा दिसला न्हाई मला.
एवढे बूट, आणि शिवणारा कोण न्हाईच.

आता खरं सांगतो.
इंग्रजी मला कधी आलं न्हाई.
रविवारी सकाळच्या खेळाला, पंच्याहत्तर पैशांच्या रांगेत,
डोअरकीपर बाबालाल मुजावर येऊन बसायचा आमच्यात
आणि मोठ्यांदा सांगायचा.
“त्यो म्हणतोय, माझ्या भावाला का मारलंस लगा?”
“बाई म्हणती, जेवूनच जावा आता.”
आम्ही रडायचो, शिट्ट्या मारायचो,
मधल्या सुट्टीत बाबालालला चहा पाजायचो.

परवा पोरानं तोच पिक्चर लावून दिला,
खाली हिंदीत अक्षरं.
भावाचं नावच न्हाई त्यात!
त्यो तबेल्याचं भाडं मागत होता, तीन महिन्यांचं.
आणि बाई म्हणत होती, परत येऊ नका.

मी अक्षरं बंद करायला लावली.

तवा मी सांगितलेल्यातले निम्मे पिक्चर
कुणी काढलेच नसतील, गौतमी.
सापडले न्हाईत तर मोबाईलवर राग काढू नको.
संध्याकाळी इथं येऊन बस, कुबड्या त्या पिंपाला टेकव,
मी सांगतो, त्यो म्हणतोय, ती म्हणती.

आता डावा पाय ठेव ह्या कागदावर,
पेन्सिल फिरवून घेतो.
उजव्याचं माप प्लॅस्टर निघाल्यावर.
हलवू नको की गं.