एकेक शिंग

बाबा गेले. वाटणीत
विहीर सामाईक, हापूस लवूचे, रायवळ माझे,
आणि ओटीवरची सांबराची शिंगंही
फळीपासून सोडवली,
एक त्याला, एक मला.
बंदुकीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मार्गशीर्षात नर माजावर येतात.
सड्याखालच्या घळीत किंजळीच्या आडाला बसलो,
ठासणीची भरून,
आणि शिंग आपटलं वाळल्या ऐनाच्या बुंध्यावर
बाबा दाखवायचे तसं:
दोनदा ठणकन्, मग नुसतं घासायचं,
पायानं पाचोळा विसकटायचा,
जसे काही दोन नर भिडलेत.
खाली, लांब, आंबोळगडच्या बोटींचे दिवे.

पलीकडच्या उतारावरून उत्तर आलं.
ठण्. ठण्. मग घासणं.
मी चाप चाचपला.
पुन्हा वाजवलं. पुन्हा आलं, जवळून.
करवंदीची जाळी हलली,
श्वास धरला, माशी जुळवली

आणि जाळी खोकली.
सुका, तीन ठोक्यांचा, शेवटचा अर्धा गिळलेला.
आमच्या घरातलाच खोकला तो,
बाबांना होता, मला आहे.

बोट काढलं. पाठीवरचा घाम गार झाला.
हाक मारावी, तर पाच वर्षांत
त्याचं नाव तोंडातून उतरलेलं.
म्हणून शिंगच वाजवलं, एकदा, हळू.
तिकडून बराच वेळ काही नाही.
मग बिडी पेटली.

सांबर कुठलं येतंय आता.
उजाडताना दोघे दोन वाटांनी उतरलो.
गुरुवारी राजापूरला तारीख आहे.