पूर्ण एक मिनिट

सहाच्या औषधांची ट्रॉली ढकलत मी निघते तेव्हा
खानापूरच्या सरकारी दवाखान्यात दिवे अजून चालू असतात,
लोंढ्याकडची मालगाडी काचा हलवून गेलेली असते.
मागे शिवलीला, गोकाककडची. नोकरीचा अकरावा दिवस.
मला अक्का म्हणते.
मराठी समजतं तिला, बोलायला लाजते.

नऊ नंबर. यल्लूबाई मुतगेकर, वय अडुसष्ट.
काल संध्याकाळी आणली. अन्न नको, मळमळ, चक्कर.
आज उशीला टेकून बसलीय, आणि चक्क हसतीय.
"सिस्टर, भंडारा उधळलाय बघा कुणीतरी.
भिंत पिवळी, चादर पिवळी, तुमचा डगलासुद्धा.
दिव्याला कडं पडलंय.
सौंदत्तीची आई आली असंल, माझ्यासाठनं."

शेजारच्या खाटेवरून हात जोडले गेले.
शिवलीलाही जोडणार होती,
पण एका हातात पाण्याचा पेला
आणि दुसऱ्यात हृदयाची गोळी,
मसुरीच्या डाळीएवढी.

थांब, म्हटलं.
ही गोळी द्यायच्या आधी छाती ऐकायची.
पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही.
पूर्ण एक मिनिट.

मिनिट किती मोठं असतं
हे घड्याळ बघणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं.
माझ्या कानात नळी, तिची बोटं मनगटावर.
मी मराठीत मोजत होते, ती ओठातल्या ओठात कन्नडमध्ये.
दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा
की मध्ये एखादी मालगाडी जावी.
सेहेचाळीस, मी म्हटलं.
नलवत्तारु, ती म्हणाली.
यल्लूबाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती,
जसं काही तिच्याच दोन मुली घरात हिशेब घालतायत.

गोळी परत वाटीत.
तक्त्यावरचा चौकोन मोकळा सोडायचा नसतो:
दिली नाही. का नाही. किती वाजता. सही.
डॉक्टर झोपेतून उठून आले, कुरकुरले नाहीत.
ईसीजीची पट्टी सरकत राहिली, रक्त बेळगावला गेलं.

मग मी पिशवी मागितली.
संकेश्वरच्या कापड दुकानाची,
आत खोबऱ्याचा तुकडा, बसची तिकिटं, दोरा,
आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या, एक रुपेरी, एक हिरवी.
"एक सरकारी, एक पैशाची," ती म्हणाली,
"दोन्ही घेतल्यावर गुण लौकर येतो की."
शिवलीलानं त्या उजेडाकडे धरल्या,
मोठ्या अक्षरांखालची मुंगीएवढी अक्षरं वाचली
आणि लाजायचं विसरून गेली:
अक्का, हेसरु बेरे. औषध ओंदे.

आमच्याकडे एकाच गावाला दोन नावं असतात.
पाटीवरून भांडणं होतात, पाट्यांना काळं फासलं जातं,
गाव मात्र तेवढंच राहतं,
तेवढीच घरं, तेवढाच बाजार.
गोळीचं तसं नाही.
दोन नावांनी ती दोनदा पोटात जाते,
रोज थोडी थोडी साठते,
आणि म्हातारीला देव दिसायला लागतो.

चौथ्या दिवशी भिंत पुन्हा भिंतीच्या रंगाची झाली.
यल्लूबाई रुसली.
"गेली आई," म्हणाली. "घालवलीसा तुम्ही."
काय सांगणार?
सुनेला बोलावून हिरवी पट्टी दाखवली, बाजूला काढून ठेवली,
उरलेल्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून दिल्या,
वर चंद्र, सूर्य काढून.
म्हातारीनं चंद्र बघितला, बोलली नाही.

मग पुन्हा नळी कानात,
पुन्हा शिवलीलाची बोटं तिच्या मनगटावर.
आता ठोके कसे एका चालीनं येत होते,
चढाची गाडी सपाटीला लागावी तसे.
मला बरं वाटलं. मी तक्ता ओढला,
पेनाचं टोपण काढलं.

"अक्का, थांबा,"
शिवलीला म्हणाली, मराठीत,
"अजून दहा सेकंद आहेत."