पाणी किती

दुपारचे चार. ला मांचात कुत्रंही भुंकत नाही.
द्राक्षवेलीच्या चतकोर सावलीत
फुलहेन्सिओ पीच चिरतोय
गुडघ्यांत मातीची परात धरून.

लिंबं चार. साखर मूठभर,
आणि कुणी बघत नाहीसं पाहून आणखी एक.
मग बुधल्यातून वाइन, गडगडत.
रात्री सगळी आळी येणार.

"पाणी घाल त्यात,"
कुंपणापलीकडून प्राक्सेदेस.
सतरा वर्षं बोलली नव्हती,
विहिरीची वाटणी झाल्यापासून.

तो मान वर करत नाही.
बर्फाचा खडा सोडतो; परात खाकरते.

"किती?"

चपला फटफटवत येते,
बोट बुडवते, चाटते, तोंड वाकडं करते.
"माझ्या नवऱ्यासारखी झालीय. नुसती गोड."

तांब्या तिने घरूनच आणलाय, काठोकाठ.
कुठल्या विहिरीचा
ते तो विचारत नाही.