रकाना

पिशवीत असतं ते एवढंच:
हातभर प्लास्टिकचा कागद,
साबणाची वडी, एक पातं, दोन दोरे.
बाकीचं बाईनं आणायचं.
म्हणजे पोट, आणि कळा.

मस्तूरा सुईण टॉर्च दातांत धरून काम करते,
त्यामुळे रात्री ती कुणाला धीर देत नाही.
सकाळी देते. तेव्हा बहुतेकजणी झोपलेल्या असतात.

सुदान मागं राहिलं. चाडच्या या बाजूला
झाडं थोडी, नावं फार.
रजिस्टरात पहिल्या रकान्यात नाव,
दुसऱ्यात गाव,
जळालं असलं तरी लिहायचं, खाडाखोड न करता.
तिसऱ्यात शेवटची पाळी.
इथं बायका अडतात.
केल्तूमा म्हणाली, बाजरी कापायच्या आधी.
इज्जा म्हणाली, विहिरीत माणसं टाकली त्या आठवड्यात.
मस्तूरा पेरं मोजते, लिहिते: सोळा जून.
'अदमासे' छापलेलं नाही. ते ती कोपऱ्यात बारीक लिहिते.

एक आली, सोळा-सतराची.
नाव सांगितलं नाही. बसलीही नाही.
उभ्यानंच पाणी प्यायली, म्हणाली,
ती गोळी असते म्हणे तुमच्याकडे.
असते.
मस्तूरानं विचारलं, कधी?
मुलगी ओढे मोजत गेली:
एक कोरडा, एक गुडघाभर,
तिसऱ्यापाशी मावशी राहिली,
मग दोन रात्री गवतात, हलायचं नाही,
मग गाढववाला, त्यानं अर्ध्यात उतरवलं,
मग नुसतं चालणं.
मस्तूराचं बोट नवव्या पेरावर थांबलं.
गोळीला पाचच दिवस कळतात.

पुढचं रजिस्टरात नाही.
पाणी तापवलं. चहात साखर दोनदा पडली.
तपासलं, दोन टाके घातले,
औषधं मोजून फडक्यात बांधली.
दोन आठवड्यांनी ये, ती म्हणाली,
मग काय ते आपण बघू.

(तिच्या अरबीत 'आम्ही' आणि 'आपण'
यांना शब्द एकच.
मराठीत मला निवडावा लागतो.
मुलगी मान खाली घालून गेली, तेवढ्यावरून मी
'आपण' लिहिलं. चुकलंही असेल.)

ती आली, एक दिवस आधीच, आणि रात्री.
आत कुणीतरी अडलेली,
मूल आडवं, गाडी ओढ्यापलीकडं रुतलेली,
सासू दाराशी पुटपुटत.
मुलगी आत शिरली
आणि या खेपेस बसली.
काही विचारायच्या आत तिनं हात पुढं केला,
मस्तूराच्या दातांतून टॉर्च काढून घेतला.

उजेड जरा हलला. मग नीट पडला.

मस्तूरानं जबडा चोळला. थुंकली.
मग त्या बाईच्या कानाशी वाकून बोलू लागली,
बोलतच राहिली, किती दिवसांचं साठलेलं,
हात आत, घाम डोळ्यांत,
अगं हो, अगं माझे बाई, अजून थोडं.

मुलीची तपासणी सकाळवर गेली.
तिसरा रकाना कोरा आहे.
पहिलाही.