काचेची जमीन

मांडवीच्या लायब्ररीत वरच्या मजल्याला काचेची जमीन आहे.
खाली पुस्तक शोधताना मान वर केली
की दिसतात कुणाचे तरी तळवे,
धुरकट.

दुसरा शनिवार, बँक बंद. उभ्याउभ्याच वाचतेय.
जॉर्जियातल्या कुठल्याशा गावची बाई,
पहिल्याच पानावर स्वतःला काळी म्हणते.
सावळी नाही, निमगोरी नाही,
चारुशीलेच्या बायोडेटात तिच्या आईनं
तीनदा खोडून लिहिलं होतं तसलं काही नाही.
काळी. पूर्णविराम.

पान चौऱ्याऐंशी. ती दुसरीच्या केसांत
भांग पाडते, तेल जिरवते,
आणि थांबते.
पुढची ओळ कोरी सोडली आहे.

त्या कोऱ्या ओळीत
फतेगंजचं हॉस्टेल, जिन्यावरची निळी बाटली,
तेलकट बोटं माझी,
आणि मी तेव्हा जे बोलले ते:
"चल, मेस बंद होईल."

समोरच्या रमीलाबेन आम्हाला बेनपणी म्हणायच्या,
घरचे मैत्रिणी.
एका शब्दात बहीण बसलेली,
दुसरा इतका ऐसपैस
की त्यात सगळंच खपून गेलं.

तिची आजी, तिचा कापूस, तिच्या दारावरची ती रात्र
माझी नाही. कळतं मला.
माझं एवढंच, ते थांबणं.

समासात कुणीतरी पेन्सिलीनं बारीक लिहिलंय: हो.
चिठ्ठीवर माझ्याआधी एकच शिक्का,
दोन हजार सोळाचा.

वर पाहिलं.
काचेवर फक्त चवडे, टाचा उचललेल्या.
सगळ्यात वरच्या फळीला
कुणाचा तरी हात पुरत नाहीये.